बाय

आमच्या घरात इंग्रजी न येणारे माणूस एकच, माझी आई. नातवंडे इंग्रजी शाळेत जाऊ लागल्यापासून पानावरच्या गप्पाही इंग्रजीत चालतात आणि आई मुकाट्याने वाढीत राहते. ती रत्नागिरीकडची. माहेरी तिला सारे 'बाय' म्हणत. त्या नावाने हाक मारणारी माणसे एकेक करून गेली. त्यामुळे आमचे धाकटे चिरंजीव रोज सकाळी पाठीला दप्तर लावून "आजी, बाय!" असे ओरडत जिना उतरू लागले, तेव्हा तिला कोण अप्रूप वाटले!

परवा शेजारच्या काकूंना ती हेच कौतुकाने सांगत होती. तोच आमची कन्या फसकन हसली. "अगं आजी, तो गुडबाय म्हणतो. म्हणजे 'जातो'!"

आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मी पडलो हिशेबखात्यातला कारकून. शब्दांचा नाद केवळ हौसेपुरता. तरी स्कीट या केंब्रिजच्या प्राध्यापकांचा, १८८२ साली पुरा झालेला व्युत्पत्तिकोश मी एकदा फूटपाथवर घेतला होता. (त्यावरून घरात झालेले बोलणे येथे सांगण्यासारखे नाही.) त्या रात्री तो खाली काढला. गुडबायचा मूळ अर्थ 'जातो' नव्हेच! 'गॉड बी विथ यू', देव तुझ्याबरोबर असो, हे वाक्य बोलता बोलता आखडत गेले आणि गुड डे, गुड नाइट यांच्या संगतीत गॉडचा गुड झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा आखूड शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो.

मी आईला हे सांगितले. "म्हणजे 'जातो' नव्हे ना?" तिने दोनदा विचारून घेतले. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणणे अशुभ, 'येतो' म्हणायचे. तिचा जीव तिथेच अडकला होता.

मग मुलेही कोशाभोवती जमली. विंडो म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'. "त्यात काय मोठंसं!" आई म्हणाली, "आपला गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. कीर्तनात ऐकलंय मी." मसल हा शब्द लॅटिनमधला, अर्थ 'छोटा उंदीर'. ते ऐकून चिरंजिवांनी लगेच दंड फुगवून दाखवला. "आम्ही याला बेटकुळी म्हणतो," आई म्हणाली. रोमन लोकांना कातडीखाली उंदीर धावताना दिसला, आमच्या कोकणात इवलासा बेडूक! मुले किती तरी वेळ एकमेकांचे दंड चाचपून उंदीर की बेडूक याचा वाद घालीत होती. पंच अर्थातच आजी.

सॅलरीत मीठ आहे, हे मला ठाऊक होते. रोमन शिपायांना पगार मिठात मिळे ही गोष्ट मात्र लोक छातीठोकपणे सांगतात तेवढी पक्की नाही. लॉर्डचा मूळ अर्थ पावाचा राखणदार आणि लेडीचा पाव मळणारी, हे वाचले मात्र, सौभाग्यवतींनी परातीतून कणकेचे हात वर काढून दाखवले. मी कोश मिटला.

सकाळी आई उंबऱ्याशी उभी होती. "आजी, बाय!" चिरंजीव ओरडले. "ये हो बाळा, सांभाळून जा," ती म्हणाली. दप्तर जिन्याच्या वळणाआड दिसेनासे झाले, तेव्हा दार लोटीत माझ्याकडे वळली.

"तुझ्या कोशात काही का लिहिलेलं असेना," ती म्हणाली, "तो मला बायच म्हणतो."