सेनेट हाउससमोरचा निकाल

लंडनहून आगगाडीत बसले की तासाभरात केंब्रिज येते. ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी तंटा होऊन काही पंडित १२०९ साली इथे आले आणि विद्येचा संसार थाटला गेला.

किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये शिरलो नि माना आपोआप वर गेल्या. १४४६ साली सुरू झालेल्या या वास्तूचे दगडी छत उघडलेल्या पंख्यांसारखे पसरले आहे. बाहेर कॅम नदीत लांब काठीने नावा ढकलणारी पोरे दिसताच चिरंजीव मात्र छत विसरले!

शेजारीच सेनेट हाउस. गणिताच्या ट्रायपॉसचा निकाल इथे वाचला जाई. १८९९ साली कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’ ठरले. हे मी मोठ्या ऐटीत सांगितले.

“आणि मुली, बाबा?” कन्येने विचारले. तीही गणितवालीच. पुढल्या शिक्षणासाठी तिला परगावी पाठवावे की नाही, यावर घरी महिनाभर खल चालू होता.

सांगणे भाग होते. १८९० साली फिलिपा फॉसेटला सीनियर रँग्लरहूनही जास्त गुण पडले, पण पदवी मिळाली नाही. पूर्ण हक्काची पदवी इथे स्त्रियांना मिळू लागली ती १९४८ पासून!

सौ. इतका वेळ गप्प होती. म्हणाली, “अहो, मग आपला तो खल आता पुरे. हिला पाठवायचे.”

निकाल लागला होता. फेरतपासणीचा अर्ज करण्याची माझी काय प्राज्ञा?