कूस बदलणारे हात

रुग्णाची कूस बदलणे ही परिचर्येतील अगदी साधी समजली जाणारी क्रिया आहे, आणि साधी समजली जात असल्यामुळेच तिच्यामागे संशोधन असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. औषधाची मात्रा किंवा शस्त्रक्रियेची पद्धत पुराव्यावर ठरते हे सर्वांना मान्य असते. परंतु अर्धांगवायू झालेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाला किती वेळाने, किती कलता आणि कशाचा आधार देऊन वळवावे, हा प्रश्न मात्र ‘पहिल्यापासून असेच करतात’ या एका वाक्यावर सोडून दिला जातो. पुराव्याधिष्ठित परिचर्या म्हणजे संशोधनातून मिळालेला उत्तम पुरावा, परिचारिकेचा स्वतःचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा व परिस्थिती या तिन्हींचा मेळ घालून केलेली सेवा. ही संकल्पना पाठ्यपुस्तकात एका व्याख्येत मावते. तिचा खरा कस मात्र रात्रपाळीत, रुग्णाच्या पाठीशी लागतो.

शय्याव्रण, म्हणजे वॉर्डच्या भाषेत बेडसोर, हा मुळात दाबाचा आजार आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, त्यातील केशवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि पेशी मरू लागतात. म्हणून माकडहाडाच्या वरचा भाग, खुबा, टाच आणि डोक्याची मागची बाजू, जिथे हाडावर मांस कमी असते, तिथे तो प्रथम दिसतो. त्यात ओल आणि घर्षणाची भर पडते. शिवाय टेकून बसवलेला रुग्ण हळूहळू पायथ्याकडे घसरतो, तेव्हा कातडी चादरीला धरून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. या आतल्या ओढाताणीला कर्तन बल म्हणतात, आणि वरून काहीच दिसत नसताना ते खोलवर इजा करते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच शय्याव्रणाचा दोष बहुतेक वेळा रोगाकडे न देता शुश्रूषेकडे दिला होता. पण दोष कुणाचा हे सांगणे वेगळे आणि नेमके काय केल्याने व्रण टळतो हे तपासून पाहणे वेगळे. ते काम ब्रिटनमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी केले. रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचा दोन सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्वचेला काय लावले जाते यापेक्षा तिच्यावरचा दाब वेळोवेळी हटवला जातो की नाही, याला खरे महत्त्व असल्याचे त्यातून पुढे आले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापनश्रेणीत शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना गुण दिले जातात. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली, तर त्या रुग्णाला धोका आहे असे मानतात. पुढे 1987 मध्ये आलेली ब्रेडन श्रेणी आज अधिक वापरात असली, तरी परिचारिकेने स्वतः प्रश्न विचारावा, स्वतः मोजावे आणि निघालेल्या उत्तराने स्वतःचीच पद्धत बदलावी, हा धडा नॉर्टन यांच्या कामात फार स्वच्छ दिसतो.

आपल्याकडे परिचर्या शिकलेल्या कितीतरी पिढ्यांना ‘बॅक केअर’ या शब्दाबरोबर स्पिरिट आणि पावडरचा वास आठवतो. सकाळी ट्रॉली फिरायची, रुग्णाला कुशीवर करून पाठ पुसली जायची, स्पिरिट चोळले जायचे, वर पावडर लागायची, आणि जिथे लाली दिसेल तिथे हात जरा अधिक वेळ फिरायचा, कारण चोळल्याने रक्तपुरवठा वाढतो अशी समजूत होती. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना लाल झालेल्या भागावर मालिश करू नये असे स्पष्ट सांगतात. दाबाने आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळल्याने आणखी फाटू शकतात, आणि स्पिरिटने त्वचा कोरडी पडून चिरते. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याची किंवा बसण्यासाठी कडीच्या आकाराची उशी देण्याची पद्धतही अशीच बाद ठरली आहे. त्याऐवजी पोटरीच्या लांबीभर उशी देऊन टाच गादीपासून अधांतरी ठेवणे योग्य मानले जाते.

मात्र या बदलात एक गोष्ट हातची निसटण्याचा धोका होता, आणि कित्येक ठिकाणी ती निसटलीही. बॅक केअरमध्ये चोळणे चुकीचे होते, पण त्या निमित्ताने रोज प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ उघडी करून उजेडात पाहिली जात होती. पुराव्याने चोळणे थांबवायला सांगितले; पाहणे थांबवायला कधीच सांगितले नव्हते. जिथे स्पिरिटची बाटली ट्रॉलीवरून गेली आणि तिच्याबरोबर पाठ पाहण्याची वेळही गेली, तिथे संशोधन अर्धेच पोहोचले असे म्हणावे लागते. जुनी पद्धत मोडीत काढताना तिच्या पोटात कोणते चांगले काम दडलेले होते, हे आधी शोधून ते नव्या पद्धतीत बसवणे, हे पुरावा वापरण्याइतकेच कौशल्याचे काम आहे.

पाहण्यालाही पुन्हा शिकावे लागते. लाल झालेल्या जागी बोट काही क्षण दाबून उचलायचे. जागा फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे, आणि लाली तशीच राहिली तर शय्याव्रणाची पहिली पायरी सुरू झाली आहे, असे पुस्तक सांगते. पुस्तकातील छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या रुग्णाच्या टाचेवर ती लाली दिसतच नाही. जागा थोडी जांभळट किंवा भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद दिसते, कधी तेवढेही नाही. तिथे हाताने पाहावे लागते. दुखऱ्या जागेवर आणि शेजारच्या त्वचेवर आळीपाळीने बोटे टेकवली, की एक जागा जास्त गरम किंवा गार, जास्त कडक किंवा पिचपिचीत लागते, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर नेमका तिथेच कण्हतो. पूर्वी चोळणारा हात आता तुलना करणारा हात झाला आहे, आणि महाराष्ट्रातील बहुतेक वॉर्डांत डोळ्यांपेक्षा त्याच हातावर अधिक विसंबावे लागते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम तर जवळजवळ मंत्रासारखा शिकवला जातो. अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या वृद्धांमध्ये शय्याव्रणाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष वाचून दमलेल्या परिचारिकेला हायसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अभ्यासातील सर्व वृद्ध दाट फोमच्या गाद्यांवर झोपत होते, ही अट निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे. मधोमध खड्डा पडलेल्या, रेक्झिनच्या खोळीतल्या गादीवर चार तास हे फार झाले. पुरावा कोणत्या माणसांवर आणि कोणत्या अंथरुणावर तपासला गेला, हे विचारल्याशिवाय तो आपल्या वॉर्डात आणणे धोक्याचे ठरते.

त्याहून अवघड प्रसंग येतो तो दोन पुरावे एकाच देहावर परस्परविरुद्ध बोलू लागतात तेव्हा. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके 30 ते 45 अंश वर ठेवावे, म्हणजे पोटातील द्रव श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका घटतो. आणि कमरेवरचे कर्तन बल टाळायचे तर डोके 30 अंशांपेक्षा वर नेऊ नये. इथे 30 अंशांची ती बारीक रेघ सांभाळणे, घसरू नये म्हणून गुडघ्याखाली आधार देणे, ओढण्याऐवजी दोघांनी ड्रॉशीटने उचलून सरकवणे आणि कमरेची जागा इतरांपेक्षा अधिक वेळा पाहणे, हे सारे परिचारिकेच्या निर्णयावर राहते. कोणताही शोधनिबंध हा निर्णय तिच्यासाठी घेऊन ठेवत नाही.

शेवटी, आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत रात्री अख्खा वॉर्ड एखाद-दुसऱ्या सिस्टरकडे असतो, आणि रुग्णाची कूस प्रत्यक्षात त्याची सून, मुलगा किंवा भाऊ बदलतो. त्यामुळे संशोधनाचा अखेरचा प्रवास इंग्रजी नियतकालिकाकडून त्या नातेवाइकाच्या हातापर्यंत व्हायचा असतो, आणि तो मराठीतच होतो. ‘पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून जरा कलतं ठेवा, टाच गादीला टेकू देऊ नका, लाल दिसलं तर चोळू नका, मला हाक मारा,’ एवढे सांगून, एकदा आपण करून दाखवून, मग त्यांच्याकडून करवून घेतले, की सून उशी पोटरीखाली सरकवते आणि टाच व गादी यांच्यामधून आपला हात मोकळा फिरतो का, हे आपणच पाहते.