वंगणाची वही

साहित्याच्या वर्गात 'कृत्रिम' हा शब्द बहुधा निंदेसाठीच येतो. भाषा कृत्रिम आहे, संवाद कृत्रिम आहेत, शेवट कृत्रिम वाटतो, असे आपण म्हणतो तेव्हा अधिक स्पष्टीकरण द्यावे लागत नाही आणि विद्यार्थीही ते मागत नाहीत. नैसर्गिक ते श्रेष्ठ आणि घडवलेले ते दुय्यम, ही स्वच्छंदतावादाकडून आलेली समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की ती समजूत आहे हेच आपण विसरतो. वंगणतेलाच्या दुकानात मात्र ही उतरंड नेमकी उलटी आहे. तिथे जमिनीतून आलेले 'मिनरल' तेल स्वस्त आणि साधे, तर 'सिंथेटिक' म्हणजे संश्लेषित तेल महाग आणि मानाचे. या उलट्या उतरंडीचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती माझ्या चुलतभावामुळे.

आमचे जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. दक्षिणेला पूर्णेचे खोरे, नांदुरा आणि मुंबई-हावडा लोहमार्ग. खामगावला कापसासाठी १८७० मध्येच रेल्वे आली, आमच्या गावाला ती आजवर नाही. त्यामुळे इथला कापूस, सरकी, सोयाबीन, संत्री जे काही बाहेर जायचे ते ट्रकनेच जाते. तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते शेतकरी जितक्या कान देऊन ऐकतात, तितक्याच कान देऊन ट्रकवालेही ऐकतात, कारण कापसाचे पीक म्हणजे त्यांचे भाडे.

दादाच्या दोन गाड्या आहेत. एक २०११ ची, म्हणजे बीएस-३ मानकांच्या काळातली, बरीच धावलेली. दुसरी २०२१ ची, बीएस-६, कर्ज काढून घेतलेली. दोन्ही गाड्यांत यापुढे सिंथेटिक तेलच टाकायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. गॅरेजातल्या मिस्त्रीचा याला विरोध होता. दुकानदार अर्थातच अनुकूल होता. दादा डब्यांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "एवढाले पुस्तकं वाचतो तू, मंग ह्या डब्यावरच्या चार ओळी काहून नाही वाचत?"

प्रश्न रास्त होता. डब्यावरचा मजकूर हाही एक संहिताच असतो आणि त्यातला कोणता शब्द अर्थ सांगतो व कोणता केवळ अलंकार म्हणून बसवला आहे, हे ओळखणे हे तर आमचेच काम.

पहिली ओळ होती '१५डब्ल्यू-४०'. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती वाहते राहते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट उरते ते. पंधराच्या वर्गातल्या तेलाची, थंड इंजिन फिरवताना होणाऱ्या विरोधाची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात. पाचच्या वर्गाची उणे ३० अंशांवर. सिंथेटिक तेलाचा एक मोठा गुण इथे दिसतो: ते कडाक्याच्या थंडीतही लवकर गोठल्यासारखे होत नाही. लडाखला माल नेणाऱ्या गाडीला या गुणाचे मोल आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि डिसेंबरातल्या पहाटेही उणे आकडा कुणी पाहिलेला नाही. म्हणजे या गुणाची किंमत मोजायची, पण तो वापरायचा कधीच नाही, अशी स्थिती.

सिंथेटिकचे दुसरे गुण मात्र आमच्या हवामानातही खरे आहेत. तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू आंबट आणि दाट होत जाते. तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. घाट चढताना भरल्या गाडीच्या तेलाला हे सोसावे लागते. अशा वेळी संश्लेषित तेल अधिक काळ टिकते आणि त्याची वाफही कमी होते. म्हणून ते अधिक किलोमीटर चालते, आणि हेच त्याच्या किमतीचे समर्थन असते.

पण 'सिंथेटिक' म्हणजे नेमके काय? इथे मला माझ्या विषयाची गोष्ट सापडली. वंगणाच्या मूळ तेलांचे पाच गट मानले जातात. पहिले तीन खनिज तेलापासून निघतात, फक्त शुद्धीकरण उत्तरोत्तर कठोर होत जाते. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे लहान रेणू जोडून प्रयोगशाळेच्या शिस्तीने घडवलेल्या तेलाचा. उरलेले सारे पाचव्यात. पूर्वी सिंथेटिक म्हटले की चौथा-पाचवा गट अभिप्रेत असे. १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंथेटिक' तेलासाठी तिसऱ्या गटाचे, हायड्रोजनच्या प्रक्रियेने पुनर्रचित केलेले खनिज तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलने जाहिरातींच्या सत्यतेचा निवाडा करणाऱ्या तिथल्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून तिथे तिसऱ्या गटाचे तेलही उजळ माथ्याने सिंथेटिक म्हणवते, आणि बाजाराने तोच अर्थ मोठ्या प्रमाणावर उचलला. जर्मनीत मात्र 'पूर्ण संश्लेषित' हा शब्द जुन्याच काटेकोर अर्थाने राखला गेला. 'सेमी-सिंथेटिक' या शब्दाची गत तर आणखी सैल: त्यात संश्लेषित भाग किती असावा याचे सर्वमान्य प्रमाण नाही. शब्दार्थाचा एवढा सविस्तर खटला आमच्या समीक्षेतही क्वचितच चालला असेल.

शब्दांचे असे सरकणे नवे नाही. 'तेल' हा शब्दच तिळावरून आला आहे. मुळात तिळाचे ते तैल. मग सरकीचे, करडईचे, एरंडाचे, आणि शेवटी खडकातले खनिजही तेलच झाले. खुद्द कॅस्ट्रॉल हे नाव एरंडाच्या इंग्रजी नावावरून घेतलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेली वंगणे वापरात होती आणि पहिल्या महायुद्धातली अनेक विमाने एरंडेलावर उडाली. आमच्याकडे बैलगाडीच्या आखाला वंगण लागे, त्यातही तेच एरंडेल असे. एरंडाच्या गुऱ्हाळाला निष्फळ बडबड मानणाऱ्या भाषेने हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही. आणि संस्कृतात तेलाला 'स्नेह' म्हणतात हे तर सर्वांना ठाऊक आहे. दोन कठीण पृष्ठभागांमध्ये राहून त्यांना एकमेकांवर घासू न देणारा पातळ थर, ही वंगणाची व्याख्या स्नेहाच्या दुसऱ्या अर्थालाही लागू पडते.

तो दुसरा अर्थ या व्यवहारात कुठे दडला होता, हे मला उशिरा कळले. दादाला सिंथेटिक हवे होते ते डबा वाचून नव्हे. काकांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा ट्रक कधी काळी कापसाच्या हंगामात सातपुड्याच्या घाटात बंद पडला. इंजिन बसले. दुरुस्तीचा खर्च झेपला नाही, गाडी विकावी लागली आणि त्या वर्षापासून दादा दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला. "बाबानं सस्तातलं ऑइल टाकलं, म्हनून इंजिन गेलं," हे वाक्य तो आजवर अनेकदा बोलला होता. काका आता नाहीत. महाग तेलाचा आग्रह हा त्या स्वस्त तेलावरचा राग होता, आणि वडिलांवरचाही.

काकांना गाडीची वही ठेवायची सवय होती. ती वही दादाच्या घरी फडताळात होती. त्याने ती उघडून पाहिलेली नव्हती. मी मागून घेतली. तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडे, खर्च, असे रकाने; अक्षर चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे, पण एकही ओळ गाळलेली नाही. तेल बदलल्याच्या नोंदी पाहिल्या. त्या नियमित होत्या, जवळपास ठरल्या अंतराने. मग मधल्या नोंदी पाहिल्या: 'ऑइल टाकले १ लि.' पहिल्या वर्षी अशी नोंद दोन बदलांच्या दरम्यान एखाद-दुसरी. पुढल्या वर्षी चार-पाच. अखेरच्या हंगामात जवळजवळ प्रत्येक खेपेला, आणि एक लिटरच्या जागी दोन. शेवटच्या पानाच्या समासात एक आकडा होता आणि त्यापुढे 'इंजिन काम' असे लिहून 'कापूस झाल्यावर' असे पुढे जोडलेले.

संहिता स्पष्ट होती. तेल निकृष्ट नव्हते. ते कमी पडत होते. झिजलेल्या रिंगांमधून जळत होते आणि कदाचित गळतही होते. काकांना ते दिसत होते, म्हणूनच ते भर घालत होते. इंजिनाचे काम करायला पैसा हंगामातूनच यायचा होता आणि हंगाम संपण्याआधी घाट आला. त्या इंजिनात जगातले सर्वोत्तम संश्लेषित तेल टाकले असते तरी तेही असेच जळून गेले असते.

याच वहीने जुन्या गाडीचा हिशेबही शिकवला. समजा, साधे तेल एक रुपयाला आणि सिंथेटिक अडीच रुपयांना. साधे १८,००० किलोमीटर चालते आणि सिंथेटिक ४५,०००. म्हणजे कागदावर बरोबरी. आता इंजिनाच्या चेंबरमध्ये १५ लिटर मावते आणि जुनी गाडी दर १,५०० किलोमीटरला एक लिटर पिते असे धरू. ४५,००० किलोमीटरमध्ये वरची भर ३० लिटर. साध्या तेलाचे अडीच बदल आणि भर मिळून साडेसदुसष्ट लिटर, तेवढेच रुपये. सिंथेटिकचे एक भरण १५ आणि वरचे ३०, एकूण ४५ लिटर, त्याचे साडेबारा वर शंभर रुपये. सिंथेटिकची वाफ कमी होते म्हणून भर थोडी घटेल हे मान्य; पण बरोबरीसाठी ती ३० लिटरवरून १२ वर यायला हवी, आणि झिजलेली रिंग तेलाची जात पाहून सीलबंद होत नाही.

शिवाय तेल केवळ वयाने खराब होत नाही. काळ्या मातीच्या रस्त्यांची धूळ आणि जिनिंगच्या आवारातला कापसाचा तंतू हवेच्या फिल्टरवर बसतो. काजळी आणि धातूचा चुरा तेलात येतो. तेल काळे पडले की बिघडले असे अनेकांना वाटते. वास्तविक काजळी पोटात धरून ठेवणे हेच त्याचे काम असते, त्यामुळे काळे तेल काम करीत असते. पण ही धारणशक्ती संपते, आणि मग ती मूळ तेल कितीही टिकाऊ असले तरी बाहेर काढावीच लागते. मिस्त्री पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, फक्त त्याच्या शब्दांत: "ऑइल कोनतंबी टाका, पन येळेवर काढा."

नव्या गाडीचा प्रश्न वेगळा निघाला, आणि तिथे मिनरल की सिंथेटिक हा वादच दुय्यम ठरला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दशलक्षात १० भागांवर आले. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकता येते. तेलातील धातुयुक्त रसायनांची राख मात्र जळत नाही, ती साचत जाते. म्हणून इथे कमी राखेचे, २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ सारख्या वर्गाचे तेल लागते. जुन्या सीआय-४ वर्गाचे तेल 'फुल्ली सिंथेटिक' असले तरी ते या गाडीला अपायकारक, आणि सीके-४ वर्गाचे साधे १५डब्ल्यू-४० तेल, गाडीच्या पुस्तिकेला मान्य असेल तर, तिला चालते. डब्यावरचा ठळक शब्द अलंकार होता. अर्थ मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत होता. लांबच्या खेपांसाठी उत्पादकाने त्याच पुस्तिकेत सिंथेटिक तेल आणि मोठे अंतर दोन्ही सांगितले असेल, तर नव्या, तेल न पिणाऱ्या इंजिनात ते पैसे वसूलही होतात.

हे सारे मी दादाला सांगितले, वहीसकट. आकडेमोड त्याने मुकाट ऐकली. ती त्याला माझ्याहून चांगली येते. वहीतल्या शेवटच्या हंगामाच्या पानांवर मात्र तो थांबला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हंजे बाबाले समजत होतं." मी हो म्हटले. त्यावर तो काही बोलला नाही.

जुन्या गाडीत साधे तेल आणि नवा हवेचा फिल्टर, नव्या गाडीत पुस्तिकेतला वर्ग, असा निर्णय झाला. रिकामा डबा भोक पाडल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर त्यात जळके ऑइल भरून पुन्हा विकतात, ही सूचना मिस्त्रीची. बाजारातून नवी वही मात्र दादाने स्वतः आणली. त्यात वरच्या भरीसाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि तो रकाना फुगू लागला की हंगाम संपण्याची वाट न पाहता इंजिन उघडायचे, असे पहिल्या पानावर त्याच्या हातचे लिहिले आहे.