गिरगावकरांनी गळ कुठे टाकावा?

आमच्या वाडीतला एक मुलगा शिक्षणासाठी म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेला आणि तिकडचाच झाला. गेल्या खेपेस घरी आला तेव्हा गप्पांच्या ओघात म्हणाला, "काका, रविवार उजाडला की आम्ही बासच्या मागे असतो." बास म्हणजे तिकडचा एक मोठ्या जबड्याचा, भांडखोर मासा. गळाला लागला तरी सुखासुखी हाती येत नाही, म्हणूनच हौशी मंडळींना तो प्रिय. 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' हे त्या राज्याचे बिरुद आहे आणि तिथले सरकार तळ्यातळ्यांची माहिती नकाशांसह लोकांपुढे ठेवते. कुठे किती खोल, कोणते मासे, होडी कुठून लोटावी, सारे त्यात सापडते. प्रश्न उरतो तो एवढाच, की तळे कोणते निवडायचे आणि गळ काठावरून टाकायचा की होडीतून. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडे मुंबईत कुठे जाता?"

गिरगावात जन्मलेल्या मुलाने 'तुमच्याकडे' म्हणावे याचे थोडे वाईट वाटले, पण प्रश्न खरा होता. मी बोटे मोजू लागलो. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी! वाचकहो, आमच्या भागात तळ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो त्यांतील पाण्याला. धोबीतलावावर आज ट्रॅफिक तुंबते. गोवालिया टँकवर पूर्वी गुरे पाण्यावर येत; पुढे तळे बुजून मैदान झाले, आणि त्याच मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो'ची हाक उठली. बाणगंगा तेवढी उरली, पण ते तीर्थ; तिथे गळ घेऊन कोणी जात नाही आणि जाऊही नये.

ही तळी कोणी दुष्टाव्याने बुजवली असे मात्र नव्हे. १८६० मध्ये विहारचे पाणी शहराला मिळू लागले आणि दारच्या तळ्याची गरज सरत गेली. पुढे हिवतापाने शहराला ग्रासले, तेव्हा १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि विहिरी-टाक्यांतले डास हे कारण पुढे आले. मग झाकणे बसली, भरणी झाली. आपल्या आजोबा-पणजोबांचे प्राण त्यामुळे वाचले असतील, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी? पण पाण्याबरोबर काठही गेला. नळ घरात आला, त्याला काठ नसतो.

लालबाग-परळची कथा थोडी निराळी. तिथल्या गिरण्यांना वाफेच्या इंजिनांसाठी पाणी लागे आणि त्यासाठी काही गिरण्यांच्या आवारात तलाव खणलेले होते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या आवारातला तलाव अजून आहे. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून थांबत गेले आणि पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण भोंगा वाजत होता तेव्हाही ते पाणी फाटकाआडचेच. परळच्या माणसाला मासा बाजारातच भेटायचा.

म्हणून पाणी जोखायचे तर मुंबईकराने आधी ते कोणाचे आहे हे विचारावे, खोली मागाहून. विहार आणि तुळशी ही दोन तळी देखणी खरी, परंतु पिण्याच्या पाण्याची आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतली. तिथे मासेमारीला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. उरला पवई. हा तलाव १८९१ मध्ये बांधला तोही शहराला पाणी पाजण्यासाठीच. त्या जागेची मोठी इस्टेट एके काळी फ्रामजी कावसजींकडे होती, म्हणजे धोबीतलावावर ज्यांच्या नावाची इमारत आहे तेच हे गृहस्थ. पण पवईचे पाणी पिण्यास उतरेना, म्हणून त्यावरचा पिण्याचा भार काढला. एका परीक्षेत नापास होऊन दुसरीकडे नाव काढणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. हा तलाव त्यांतला. पिण्याच्या कामाचा नाही म्हणून तो गळ टाकणाऱ्यांच्या वाट्याला आला. पूर्वीची बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन, म्हणजे आजची महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन, हे त्या हौशी मंडळींचे तिथले घर.

पवईत रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे. हे मासे वाहत्या पाण्याचे. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांची बोटुकली आणून सोडावी लागतात. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात या जातीच्या माशांकडून टोचणी देऊन अंडी घालवून घेतली आणि ती अडचण सुटली; म्हणूनच १० जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन मानतात.

आता काठ की होडी? याचे उत्तर माशाच्या तोंडात असते. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरच्या थरातले खातो. रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी चिखल हुंगत फिरतो. तेव्हा काठावर बसणाऱ्याने कणकेची गोळी तळाला सोडून मृगळाची वाट पाहावी हे बरे. कटला मोकळ्या, खोल पाण्याचा, त्याच्यासाठी होडी. मरळ मात्र काठाचाच. त्याला श्वासासाठी हवा घ्यायला वर यावेच लागते, म्हणून पाणवनस्पतींच्या कडेला क्षणभर वर्तुळ उमटते. तिथे बेडूक नाहीतर छोटा मासा आमिष म्हणून द्यावा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे पाण्यावरचे बारीकसारीक खाद्य लोटले जाते आणि मागोमाग मासेही. वाऱ्याकडे तोंड करून बसणे सुखाचे नसते, पण मासा आपल्या सुखासाठी जागा बदलत नाही. सूर्य वर चढण्याआधीची वेळ उत्तम. बरोबर गळ, दोरा आणि मोरपिसाच्या दांडीची तरंगती खूण असली की पुरे. आणि हो, पवईत मगरी आहेत. काठावर पाय सोडून बसण्याची हौस घरी ठेवून जावे.

पवईलाही आजार जडला आहेच. भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी त्यात येते, त्यावर जलपर्णी माजते, ती काढावी तर पुन्हा येते. काही वर्षांपूर्वी पालिकेने तलावाच्या कडेने सायकल फिरवण्याचा मार्ग बांधायला घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. तलावाच्या काठाचे काय करायचे याचा निकाल कोर्टात लागतो, म्हणजे काठ किती मोलाचा झाला ते पाहा!

पवईचे आणि विहारचे जादा पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीला मिळते, म्हणजे दादरकराच्या जवळजवळ दाराशी येते. पण वाटेत त्या पाण्याचे जे होते ते पाहून गळाला हात लावावासा वाटत नाही. खाडीत बोय उसळताना दिसते. तिचे कौतुक करावे, ती घरी नेऊ नये, हे माझे मत.

मग राहिला समुद्र. त्याला फी नाही, सभासदत्व नाही. दादरची चौपाटी वाळूची, वरळी आणि हाजीअलीकडचा किनारा खडकाळ. वाळूवरून टाकलेला गळ लाटेबरोबर भरकटतो, खडकात टाकलेला अडकतो. पण मासा खडकांच्या आडोशाला राहतो, म्हणून जाणती माणसे वरळीच्या बाजूला दिसतात. इथे खोलीचा नकाशा लागत नाही, पंचांग लागते. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या सुमारास भांगाची, मंद. पाणी चढू लागले की मासे काठाकडे चरायला येतात, तेव्हा बसावे. ओहोटीला खडकांत गळ सोडून येण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला सापडले. आपला बास म्हणजे जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्री बास म्हणतात, बंगाल्यांची भेटकी ती हीच, ऑस्ट्रेलियातला बारामुंडीही हाच. खडक, पुलाचे खांब, बुडालेले ओंडके यांच्या आडून दबा धरून झडप घालणारा. स्वभाव थेट त्या अमेरिकन पाहुण्याचा. आयुष्य मात्र त्याहून चमत्कारिक. जिताडा आधी नर असतो आणि वय वाढले की मादी होतो. अंडी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी. पिल्ले पावसाळ्यात खाडीने वर चढतात आणि गोड्या पाण्यातही खुशाल वाढतात.

हे शेवटचे रायगडच्या खारेपाटातल्या लोकांना फार पूर्वीच कळले. अलिबाग-पेण भागात घराशेजारी तळे असते. खाडीतली पिल्ले आणून त्यात सोडायची आणि वर्ष-दोन वर्षांनी पाहुण्याच्या ताटात मोठा जिताडा वाढायचा. तळ्यात त्याची वीण होत नाही, त्यामुळे प्रत्येक मासा खाडीतून आणलेला. खाडी बिघडली तर तळे रिकामे. बासचे तळे म्हणतात ते आपल्याकडे हेच, आणि ते गिरगावकराला फार दूरही नाही. पावसाळा सरला की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच मिळते. मात्र ते तळे कोणाच्या तरी घरचे आहे. आधी ओळख काढावी, चार गोष्टी बोलाव्या, गळाचे नाव मागाहून काढावे.

होडीतून जाणाऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. मुंबईत होडी कोळ्यांची, आणि तिलाही वाट लागते. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढण्याच्या जागी किनारी रस्त्याचा पूल आला. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होते. एवढ्या फटीतून लाटांत होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, असे कोळ्यांचे म्हणणे. ते काम अडवून बसले, आणि शेवटी अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. त्यांनी मागितले होते याहून जास्त. मिनेसोटात होडी कुठून लोटावी हे सरकार नकाशात दाखवते. वरळीत होडी जाण्याइतकी वाट मिळवायला कोळ्यांना पाण्यात उभे राहावे लागले.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, भरती बाराच्या सुमारास, पण त्या दिवशी घराबाहेर पडण्याची परवानगी कोणाला मिळणार? भाऊबीजेला द्वितीया. पाऊणपट केली तर दीड. अकराला निघून वरळीला पोहोचावे, कोलंबी बरोबर असावी, टोपी विसरू नये. बहिणीला निरोप द्यावा की जेवायला तीन वाजतील, पाट मांडून ठेव; मासा मिळाला तर घेऊन येतो.