मोकळी जागा

जुहूचा समुद्रकिनारा पाहिला नाही असा मुंबईकर विरळाच. परंतु तेथे फिरावयास येणाऱ्या पुष्कळांना त्या किनाऱ्यावरील कोळीवाडा ठाऊक नसतो. मीही त्यांपैकीच एक होतो, आणि तेही जवळच्याच शाळेचा मुख्याध्यापक असून!

एका आषाढात आमच्या शाळेने कोळीवाड्यात श्रमदान करण्याचे ठरविले. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. वस्तीलगत एक जागा ओसाड पडलेली दिसली. येथे सुंदर बाग करावी, असे मी मनाशी ठरवून टाकले. रोपे आली, मुले कुदळी-फावडी घेऊन सज्ज झाली.

इतक्यात एक वृद्ध कोळीण पुढे आली व म्हणाली, “मास्तर, झाडं लावाल, पन आमची मासली कुठं सुकवायची?”

“आजी, ही जागा तर रिकामीच आहे,” मी म्हणालो.

ती हसली. “आता पाऊस हाय. नारली पुनव होऊ दे, ऊन पडू दे, मंग या बगायला.”

मग मला उलगडा झाला. पावसाळा सरला की त्या जागेवर बांबूंचे मांडव उभे राहत, त्यांवर बोंबील वाळत. मासेमारी बंद असे त्या दिवसांत याच सुक्या मासळीवर घरे चालत. मला जे ओसाड वाटले, ते त्या वस्तीचे कोठार होते!

मी खजील झालो. रोपे शाळेच्या आवारात लावली, आणि जो प्रश्न आरंभीच विचारावयास हवा होता, तो आता विचारला, “आजी, आमच्या मुलांनी तुमच्यासाठी काय करावे?”

“व्यापारी हिशोबाची चिठ्ठी देतो, ती आमाला वाचता येत नाय. तेवढं शिकवा.”

त्या पावसाळ्यात रोज सायंकाळी आमची मुले एका ओटीवर कोळिणींना आकडे शिकवू लागली. तोंडी हिशेबात त्या बायका मुलांहून तरबेज होत्या. अडत होते ते केवळ कागदावर. दिवाळीच्या सुमारास आजींनी एका चिठ्ठीतील बेरजेची चूक स्वतः शोधून काढली, तेव्हा मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही.

पुढे मी डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या कार्याविषयी वाचले. १९८६ पासून ते गडचिरोलीत आरोग्यसेवा करीत आहेत. रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले. आदिवासी म्हणाले, “मोठ्या इमारतीची आम्हांला भीती वाटते. नातलगांना तेथे राहू देत नाहीत. आणि पांढरे कापड तर आम्ही मृतास गुंडाळतो. तेच तुम्ही अंगावर घालता!” म्हणून तेथील रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे बांधले गेले आणि दंतेश्वरी देवीच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

मुलांनो, सेवेची इच्छा चांगलीच. परंतु ज्याची सेवा करावयाची, त्यालाच आपण विसरलो तर त्या सेवेचे ओझे होते. आजही कोठे कुदळ उचलण्याची वेळ आली की मला त्या आजी आठवतात, आणि मी आधी विचारतो, “ही जागा खरोखरच मोकळी आहे ना?”