फिरत्या कोड्याची शिकवण

खेळण्यांचे आयुष्य अल्प असते. नाताळात आणलेली मोटार उपवासकाळ येईपर्यंत चाकांविना होते. फेस्तात घेतलेली शिट्टी तर घर गाठण्यापूर्वीच मुकी होते. परंतु सहा रंगांचा एक चौकोनी ठोकळा असा निघाला की, पन्नास वर्षे लोटली तरी त्याची ओढ ओसरली नाही. त्यास चावी नाही, वीज नाही, आवाजही नाही. आणि तरीही आजोबा व नातू एकाच ठोकळ्यावर माना वाकवून बसलेले आम्ही कितीदा पाहिले आहेत! माणसाचे मन त्यात इतके का गुंतावे?

हा ठोकळा जन्मला हंगेरी देशात, बुडापेस्ट शहरी. त्याचे जनक एर्नो रुबिक यांचा जन्म १९४४ सालचा. वडील ग्लायडर विमानांचे अभियंते, आई कवयित्री. स्वतः रुबिक कलाशिक्षणाच्या संस्थेत अध्यापक होते. ठोकळ्याचे लहान लहान भाग निखळून न पडता निरनिराळ्या दिशांनी कसे फिरावेत, या एकाच प्रश्नाने त्यांना पछाडले होते. १९७४ साली त्यांनी लाकडी नमुना सिद्ध केला आणि बाजूंना रंग दिले. चार-दोन वेळा फिरवला, तो रंगांची सरमिसळ झाली. आणि पाहतात तो परतीची वाट सापडेना! आपल्याच हातची कृती पूर्ववत करण्यास त्यांना सुमारे एक महिना लागला. १९७७ साली ‘जादूचा घन’ या नावाने तो बुडापेस्टच्या दुकानांत आला आणि १९८० पासून रुबिक यांच्या नावाने जगभर गेला.

अशा कोड्यांचा ध्यास एकट्या रुबिक यांनाच लागला होता असे नव्हे. अमेरिकेतील लॅरी निकोल्स यांनी लोहचुंबकांनी जोडलेल्या आठ तुकड्यांच्या फिरत्या कोड्याचे पेटंट १९७२ सालीच मिळवले होते. जर्मन संशोधक उवे मेफर्ट यांचे त्रिकोणी बाजूंचे ‘पिरॅमिंक्स’ १९८१ साली बाजारात आले. या सर्वांनी माणसाला मुद्दाम एक अडचण करून दिली, आणि माणसाने ती आनंदाने पत्करली.

याचे कारण, आमच्या मते, त्या अडचणीत दडलेली आशा होय. ४३ या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावीत, त्याहूनही किंचित अधिक अवस्था हा ठोकळा धारण करू शकतो. तथापि, एका बाजूचा पाव अथवा अर्धा फेरा ही एक चाल धरली, तर त्यांपैकी कोणत्याही अवस्थेतून मूळ रूप वीस चालींच्या आत गाठता येते, हे गणितज्ञांनी २०१० साली संगणकांच्या साहाय्याने सिद्ध केले. गोंधळ अफाट, पण परतीची वाट आटोपशीर! शिवाय सहा बाजूंचे सहा मध्यभाग एकमेकांच्या जागा कधीच घेत नाहीत. भोवतालचे सारे विस्कटले तरी कोणती बाजू कोणत्या रंगाची, हे ते मध्यभागच सांगतात.

एक गोष्ट मात्र या ठोकळ्यास खपत नाही, ती म्हणजे बळजबरी. आमच्या घरातील एका चिरंजीवांनी कंटाळून तो उचकटला, सारे तुकडे सुटे केले आणि हाताला येतील तसे पुन्हा बसवले. मग काय, दोन दिवस डोकेफोड केली, तरी एक कोपरा आपला उलटाच! यात नवल नाही. तुकडे वाटेल तसे बसवले, तर बारांत एकदाच तो ठोकळा सुटण्याजोगा राहतो. जे फिरवण्याने विस्कटले, ते फिरवण्यानेच जुळते, हिसक्याने नव्हे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती मॅक्स पार्क या नावाचा मुलगा वाढला. तो स्वमग्न होता; बोटांची बारीक हालचालही त्यास कठीण जाई. बोटांना सराव व्हावा म्हणून आईवडिलांनी त्याच्या हाती हा ठोकळा दिला. पुढे ते त्यास स्पर्धांना नेऊ लागले. त्यांत केवळ जिंकणे हा हेतू नव्हता, तर रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईतो थांबणे, दुसऱ्याकडे पाहून हसणे, हे त्याने शिकावे, ही तळमळ होती. २०२३ साली त्याने हा ठोकळा अवघ्या ३.१३ सेकंदांत सोडवून जागतिक विक्रम केला. तो विक्रम पुढे मोडलाही गेला. परंतु आईबापांच्या त्या धीराचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

हा ठोकळा म्हणजे काही औषध नव्हे, हे आम्ही जाणतो. पण आपल्याही धर्मग्रामांत अशी लेकरे आहेत. मिस्साच्या वेळी त्यांच्या आया अगदी मागच्या बाकावर बसतात. मूल ओरडले की त्यास घेऊन लगबगीने बाहेर पडतात, आणि चार डोकी मागे वळून पाहतात. कोणी म्हणते, मार द्या म्हणजे सुधारेल. कोणी म्हणते, हा कुणाच्या तरी पापाचा भोग. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी नेमका हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो दोष त्याच्यावरही ठेवला नाही आणि त्याच्या आईबापांवरही ठेवला नाही. मग तो ठेवणारे आपण कोण?

वाचकहो, येत्या रविवारी अशी एखादी माता मागच्या बाकावर दिसली, तर तिला पुढे बोलवा, आपल्या शेजारी जागा द्या. लेकरू ओरडले तर ओरडू द्या. निर्जीव ठोकळ्यापायी महिना महिना धीर धरणारा माणूस, देवाने दिलेल्या लेकरासाठी तासभर धीर धरू शकणार नाही काय?