सड्याखालची माती

१२ फेब्रुवारी
दोडामार्गाकडचा एक सडा. इथे लोखंडाची खाण प्रस्तावित आहे आणि तिच्या पर्यावरण अहवालातलं मातीचं प्रकरण माझ्याकडे. वरून पाहिलं तर काम अर्ध्या दिवसाचं: उघडा कातळ, खळग्यांत वीतभर तांबडी माती, वाळलेलं गवत. ऑगर मारला की खण्णकन आवाज. ‘मातीची खोली’ या रकान्यात ठिकठिकाणी शून्य भरावं लागलं. खाणीच्या आराखड्यात ‘वरची सुपीक माती खरवडून वेगळी साठवणे’ हे कलम ठरलेलं असतं. इथे साठवणार काय, देव जाणे.

१३ फेब्रुवारी
उतारावर ऐन-किंजळाच्या सावलीत खड्डा घेतला. मुन्सेलच्या रंगपुस्तकाशी ओलं ढेकूळ ताडलं: गडद लाल. पोत पाहताना ही माती फसवते. आधी बोटांना रेताड पोयटा वाटते, कारण लोहाच्या ऑक्साइडांनी चिकणमातीचे कण बांधून त्यांचे बारीक रवे केलेले असतात. पाणी लावून बराच वेळ मळलं की रेती नाहीशी होते आणि चिकण हाताला लागते. नवे सर्वेक्षक घाईत ‘पोयटा’ लिहून मोकळे होतात. हेच रवे तिला धुपीपासून राखतात. पाणी आत झिरपतं, रवा सहसा फुटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही झाडी असलेले हे उतार जागेवर आहेत ते त्यामुळे आणि पाचोळ्यामुळे. धुपीच्या रकान्यात ‘सौम्य’ लिहिलं. खोटं नाही.

१५ फेब्रुवारी
रस्त्यासाठी कापलेली एक दरड सापडली आणि सगळा छेद एकदम दिसला. वर टणक जांभा, त्याखाली ठिपक्यांचा मऊ थर, आणि त्याखाली पांढुरकी, गुलाबी, कुठे जांभळट माती. भूशास्त्रज्ञ तिला लिथोमार्ज म्हणतात. तिच्यात नख रुततं. दरडीच्या या भागावर पाण्याने खोल घळ्या पाडल्यात, वरच्या जांभ्यावर एक ओरखडाही नाही.

संध्याकाळी लॉजवर दोन ग्लास घेतले, बॅटरीत घालायचं पाणी ओतलं. एकात खड्ड्यातलं लाल ढेकूळ, दुसऱ्यात दरडीतलं. जेवून येईपर्यंत लाल ढेकूळ तसंच होतं. दुसऱ्या ग्लासात तळाशी गाळ आणि वर पातळ ताकासारखं पाणी.

१६ फेब्रुवारी
सड्याच्या पायथ्याला वहाळ, वहाळाकाठी कुळागरं, खाली वायंगणाची हिरवी शेती. एका काकांनी सुपारीच्या बागेत नेऊन पाट दाखवला. माझ्या नमुन्यांच्या पिशव्या पाहून म्हणाले, “आता काय बघतलास? पावसात येवा नि मगे बघा.” खाणीचा गाळ शेतात उतरला की काय होतं, हे या भागात कुणी समजावून सांगावं लागत नाही. सोयरीक गोव्यातल्या खाणपट्ट्यात, डिचोली-सत्तरीत आहे.

काकांचं बोलणं नियमावर नेमकं बोट ठेवणारं. खाणीच्या पर्यावरण अहवालाला पावसाळा वगळून एका हंगामाची पायाभूत माहिती चालते. म्हणजे धुपीचा अंदाज आम्ही पाऊस नसताना बांधतो.

२० फेब्रुवारी
ऑफिसात आकडेमोड. धुपीचं सर्वमान्य समीकरण विश्मायर आणि स्मिथ यांचं, अमेरिकेतल्या शेतांवरून बसवलेलं. त्याचा प्रमाण-वाफा सुमारे २२ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. आमचे उतार त्याहून कितीतरी उभे आणि लांब, तेव्हा येणाऱ्या आकड्याला दशांशचिन्ह लावणं हा निव्वळ थाट. पण त्यातला मातीचा गुणक कामाचा आहे. लाल मातीला तो कमी येतो, कारण रवे. खालच्या थरात गाळाच्या आकाराचे कण भरपूर आणि बांधणी नाही, म्हणून तो चढतो.

आराखड्यात यावर उपाय आहेत: खाणीच्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्याभोवती चर, पायथ्याला भिंत, खाली गाळतळी. भिंत दगड अडवेल. तळीबद्दल मात्र साधा हिशेब करून पाहिला. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे तीन दिवस घेतो. जुलैत इथे तळीतलं पाणी तीन दिवस स्थिर कोण ठेवणार? लोंढा येतो, तळी भरते, सांडव्यावरून तेच पांढुरकं पाणी वहाळात.

२ मार्च
मसुदा शेरे मारून परत आला. खालच्या थराच्या परिच्छेदाभोवती वर्तुळ: ‘ही माती नव्हे, भूशास्त्राच्या प्रकरणात हलवा.’ व्याख्येने बरोबरच आहे. पण तो तिकडे गेला की धुपीच्या नकाशावर त्याला रंग मिळणार नाही, आणि जांभा काढल्यावर पाऊस त्याच्यावरच पडणार आहे.

परिच्छेद हलवला. नकाशे मात्र दोन केले: एक आजच्या सड्याचा, एक जांभा काढल्यानंतरचा. पहिला बहुतेक हिरवा, दुसरा वहाळापर्यंत लाल. दोन्ही एकाच पानावर छापायला दिलेत, म्हणजे एक काढायचा तर दुसराही काढावा लागेल.